परदेशातून पुण्यात कायमचे परतताना : आधी घर, आधी शाळा की आधी तारीख?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. अमेरिकेतून पुण्यात कायमचे परतायचे पक्के झाले आहे. आम्ही दोघे भारतीय नागरिक, ग्रीन कार्डवर. मुलगी अमेरिकन नागरिक, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, सध्या सातवीत. आईवडील कोथरूडला, नोकरी हिंजवडी फेज ३ मध्ये. परत यावे की नाही हा प्रश्न इथे नाही, त्यावर जुने धागे भरपूर आहेत. मला क्रम हवा आहे.

माझा कल असा, की फ्लॅट इथूनच घ्यावा, ताबा मिळाला की कंटेनर लावावा आणि थेट स्वतःच्या घरात उतरावे. बावधन, सूस, म्हाळुंगे, बालेवाडी या पट्ट्यात बघतो आहे. यात कुठे फसायला होईल ते नेमके सांगा. आकडे, कागद आणि अटी दिल्यात तर फार उपयोग होईल.

आकडेमोड
फ्लॅटच्या आधी तारीख ठरवा. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात भारतात १८२ दिवस भरले की प्राप्तिकरासाठी तुम्ही निवासी. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर उतरावे. ते वर्ष अनिवासी म्हणून जाते आणि परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. पुढे साधारण दोन वर्षे "निवासी पण सामान्यतः निवासी नाही" हा दर्जा मिळतो, ज्याला सगळे आरएनओआर म्हणतात. त्या काळातही परदेशी व्याज, लाभांश, शेअर विक्रीचा नफा इथे करपात्र होत नाही, पैसा थेट भारतात जमा झाला नसेल तर.

पेठेतला
ऑक्टोबर! आणि मुलीच्या शाळेचे काय? सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाचे जूनमध्ये. ऑक्टोबरात आठवीच्या वर्गात मधूनच बसवायचे म्हणजे सहामाही परीक्षा तोंडावर आणि मराठी-हिंदीची पाटी कोरी. कराच्या तारखेसाठी मुलांना असे अडकवू नये.

दिवसमोजणी
आकडेमोड, ऑक्टोबरचा सल्ला सरसकट सगळ्यांना लागू नाही. दोन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली, १८२ ही एकच कसोटी नाही. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तरी माणूस निवासी ठरतो. भारतीय नागरिकाला ६० ऐवजी १८२ ची सूट मिळते ती भेटीसाठी आल्यास. कायमचे परतणे ही भेट नाही. दरवर्षी तीन-तीन महिने इथे येऊन राहणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आरएनओआर दोनपैकी कुठल्याही एका वाटेने मिळतो : मागच्या १० पैकी ९ वर्षे अनिवासी, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस. आता १० जूनला उतरलात असे धरा. ३१ मार्चपर्यंत २९५ दिवस होतात. ते वर्ष आणि पुढचे वर्ष पहिल्या वाटेने आरएनओआर. तिसऱ्या वर्षी ती वाट बंद, पण दुसरी बघा : २९५ अधिक ३६५ म्हणजे ६६०. ७२९ पर्यंत ६९ दिवस उरतात. परत येण्याआधीच्या पाच वर्षांतल्या सगळ्या भारतभेटी मिळून ६९ दिवसांत बसत असतील तर तिसरे वर्षही आरएनओआर. मध्ये लीप वर्ष आले तर ६८. म्हणजे ऑक्टोबरात येणाऱ्याची मुदत ज्या ३१ मार्चला संपते, त्याच दिवशी याचीही संपते. भेटी जास्त असतील तर मात्र एक वर्ष कमी.

म्हणून पासपोर्टवरचे शिक्के काढून आधी दिवस मोजा. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरा. शंका उरत नाही.

पेठेतला
म्हणजे जूनमध्ये येऊनही चालते. हेच हवे होते.

आकडेमोड
दिवसमोजणी, बरोबर. भेटी कमी असतील तर जूनच चांगला. माझा हिशेब दरवर्षी महिनाभर येणाऱ्यांना धरून होता.

एक पुस्ती : परकीय चलनाचा कायदा, फेमा, दिवस मोजत बसत नाही. कायम राहायच्या इराद्याने उतरलात की त्याच दिवसापासून तुम्ही फेमाखाली निवासी. बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती साधी निवासी करून घ्यायची. एनआरई ठेवीवरचे व्याज त्या दिवसापासून करपात्र, खात्यावर जुने नाव तसेच राहिले तरी. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी (निवासी परकीय चलन) खाते उघडा. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली, ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते. या दोन्हींचे व्याज आरएनओआर असेपर्यंत करमुक्त. तिकडची जुनी खाती, शेअर, घर विकायची सक्ती नाही, अनिवासी असताना घेतलेली मालमत्ता फेमा ठेवू देतो. मात्र आरएनओआर संपला की विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागते. बंद पडलेले, शंभर डॉलर शिल्लक असलेले खातेसुद्धा त्यात लिहायचे.

सातासमुद्रा
ग्रीन कार्डाचा मुद्दा यात राहून जातो. कार्ड रीतसर परत करेपर्यंत अमेरिका तुम्हाला जगभरच्या उत्पन्नावर करदाता मानते. परत करायचा अर्ज म्हणजे आय-४०७. मागच्या १५ पैकी ८ वर्षे कार्ड असेल तर देश सोडतानाच्या कराचे नियम लागू होऊ शकतात, म्हणून आठवे वर्ष लागण्याआधी निर्णय घ्या. दोन वर्षे वाट मोकळी ठेवायची असेल तर रीएन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, इथून करता येत नाही.

कार्ड हातात असेपर्यंत भारतातले म्युच्युअल फंड घेऊ नका. तिकडच्या कायद्यात ते पीएफआयसी (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात. प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म ८६२१ आणि कराचा दरही जाचक. अमेरिकेबाहेरच्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा. मुलगी नागरिक असल्याने तिच्या नावाने इथे खाते उघडताना हेच नियम तिला.

अजून एक : तिकडच्या बँकांचे ओटीपी तिकडच्या नंबरवर येतात. निघण्याआधी नंबर इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेकडे पोर्ट करा आणि जिथे शक्य तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावा. इथून हे काम फार अवघड जाते.

नळकोंडाळे
आता घराकडे या. धागाकर्त्याने लिहिलेला पट्टा म्हणजे पाण्याचा प्रश्न. म्हणून लगेच फ्लॅट घेऊ नका, आधी वर्षभर थांबा. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि ३० जून २०२१ ला आणखी २३ गावे आली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही दुसऱ्या खेपेतली. हद्द एका दिवसात वाढते, जलवाहिनी आणि टाक्या त्या वेगाने येत नाहीत. खडकवासला साखळीतली चार धरणे, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यातच शहर आणि त्यातच शेतीची आवर्तने.

सोसायटीत गेलात की हे विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरा. २०० सदनिका, घरटी ४ माणसे : १,०८,००० लिटर रोज. १०,००० लिटरचा टँकर धरला तर नळाला थेंबही आला नाही तेव्हा रोज ११ टँकर लागतील. मग समितीकडून मागच्या एप्रिल आणि मे महिन्याची टँकरची बिले बघायला मागा. वर्षाची सरासरी नको, फक्त हे दोन महिने. महापालिकेचे कनेक्शन किती इंची आणि दिवसाला किती वेळ पाणी, हे रखवालदार किंवा प्लंबरला विचारा, ते अचूक सांगतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखर चालते का, हे फ्लशच्या टाकीचे झाकण उघडून कळते : तिथे प्रक्रिया केलेले पाणी येत असेल तर किंचित पिवळसर दिसते आणि टँकरची गरज बरीच कमी होते.

बोअर आणि टँकरचे पाणी जड असते. गीझरची कॉइल, नळाच्या जाळ्या, वॉशिंग मशीन यांवर पांढरे थर बसतात. इमारतीला सामाईक सॉफ्टनर आहे का, आणि त्यात मीठ वेळच्या वेळी पडते का, तेही विचारा. पिण्यासाठी फक्त टीडीएस मोजून समाधान मानू नका. टीडीएसने क्षार कळतात, जंतू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पाण्याची जंतुतपासणी आणि क्लोरीन हाच मुद्दा होता. कोलिफॉर्म जंतूंची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

वीटभट्टी
नळकोंडाळे यांना अनुमोदन, पण भाव रोज वाढत असताना वर्षभर थांबा म्हणणे मला पटत नाही. कागद नीट पाहिले तर तिकडे बसूनही घर घेता येते. महारेरा या गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा : मंजूर नकाशा, पूर्ण करायची मूळ तारीख, त्याला किती वेळा मुदतवाढ मिळाली, चालू दावे, सगळे दिसते. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि त्यात तुमच्या इमारतीचे व मजल्याचे नाव आहे का ते वाचा. अंशतः भोगवटा प्रमाणपत्र दाखवून वरचे मजले विकले जातात. तुमच्या मजल्याचे प्रमाणपत्र नसेल तर पाण्याचे कायम कनेक्शन अडते आणि कर्जालाही त्रास होतो.

मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, खरेदी एकट्या स्त्रीच्या किंवा फक्त स्त्रियांच्या नावे असेल तर ६. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते नोटरी-अपोस्टिल करून भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्या. मुदत गेली की दुय्यम निबंधकाकडे काम थांबते. आणि मुखत्यारपत्र एकाच सदनिकेपुरते, एकाच कामापुरते लिहा.

विकणारा अनिवासी असेल तर किमतीतून कापायचा कर (यालाही टीडीएसच म्हणतात) वेगळा, हेही बघा. निवासी विक्रेत्याला ५० लाखांपासून पुढे १ टक्का. अनिवासीला त्याहून बराच जास्त, आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची.

नळकोंडाळे
वीटभट्टी, कागदांबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण कागदावर पाणी दिसत नाही. एक मे आणि एक जुलै त्या भागात काढल्याशिवाय पाणी, तळघरात साचणारा पाऊस, वीज जाण्याचे प्रमाण आणि फेज ३ ला लागणारा खरा वेळ, यातले काहीच कळत नाही. भाव वर्षात जितका वाढेल त्याहून चुकीची सोसायटी महाग पडते.

चांदणी
वाहतुकीबद्दल. तुमच्या डोक्यातला नकाशा जुना आहे हे धरून चाला. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, नवा ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. तिथली वळणे पहिल्यांदा जाणाऱ्याला हमखास चकवतात. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. आज वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका चालतात, त्यातली वनाजकडची आईवडिलांना कोथरूडमधून डेक्कन, शिवाजीनगर, पुणे स्टेशनला जायला उत्तम. हिंजवडीची मार्गिका वेगळी, माण ते शिवाजीनगर, सुमारे २३ किमी. जाहिरातीत "मेट्रोपासून पाच मिनिटे" लिहिले असेल तर ते स्टेशन चालू आहे का, आणि त्या पाच मिनिटांत पदपथ आहे का, हे दोन्ही तपासा.

फेज ३ साठी वाकड आणि भूमकर चौक हे दोन वाहतूक तुंबणारे चौक. बावधन-सूसकडून नांदे, माण असा मागून जाणारा रस्ता त्यांना टाळतो, पण पावसाळ्यात त्याची अवस्था स्वतः बघा. अंतर बघू नका, मंगळवार ते गुरुवार सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत गाडीत बसून बघा. सोमवारी आणि शुक्रवारी बरेच लोक घरून काम करतात, त्यामुळे फसवे चित्र दिसते.

शिंपी आळी
कुठलीही जागा बघताना पहिला प्रश्न : हद्द कोणाची? पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड मनपा, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) की कटक मंडळ. पाणी, कचरा, नकाशा, कर, तक्रार, सगळे त्यावर ठरते. दोन शेजारच्या गल्ल्यांची उत्तरे वेगळी असतात.

बालभवन
शाळेबद्दल, कारण मुलगी सातवीत आहे आणि हाच सगळ्यात चांगला टप्पा आहे. सीबीएसईची मंडळाकडची नोंदणी नववीत होते. आठवीला आलात तर एक वर्ष स्थिरावायला मिळते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, म्हणून आतापासून देवनागरी वाचन-लेखन रोज पंधरा-वीस मिनिटे करून घ्या. बोलता येते आणि वाचता येत नाही, अशा मुलांना पहिल्या चाचणीत धक्का बसतो. जुन्या शाळेकडून शाळा सोडल्याचे पत्र, मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद शाळेच्या शिक्क्यासह आणा. तिकडच्या शाळा असे पत्र सहसा देत नाहीत, मजकूर आपण लिहून दिला की सही करतात.

वैद्यकीयचा विचार थोडाही असेल तर नीट वाचा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसारख्या परीक्षांतून फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी पात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की हे त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांना लागू. मुलीचे पहिले कार्ड त्याआधीचे असेल तर त्याची प्रत जपून ठेवा, नवे कार्ड घेतले तरी जुने टाकू नका. आणि राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. दहावी तिकडे करून अकरावीला येऊ, हा बेत त्यामुळे महागात जातो.

कागदपत्रे
आधार : भारतीय पासपोर्ट असलेल्या तुम्हा दोघांना उतरल्यावर लगेच अर्ज करता येतो. ओसीआय असलेल्या मुलीला मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. शाळा तिच्या आधारसाठी मागे लागेल, हा नियम दाखवा. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, निवासी झालात की जोडायचे. चालक परवाना संपून वर्षाच्या आत असेल तर साधे नूतनीकरण, वर्ष उलटले की पुन्हा चाचणी. आरोग्य विमा निघण्याआधीच घ्या. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ कमाल ३६ महिने असतो, तो तिकडे असतानाच सुरू होऊ दे. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही.

गोदीवाला
कंटेनर : घर ठरण्याआधी लावू नका. माल न्हावा शेवाला उतरतो आणि सोडवताना मूळ पासपोर्ट लागतो, त्या आठवड्यांत पासपोर्ट नूतनीकरणाला देऊ नका. माल वेळेत सुटला नाही की बंदराचे दिवसाचे भाडे चढत जाते. दोन वर्षे बाहेर राहून परतणाऱ्याला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची (सीमाशुल्कातली) सगळ्यात मोठी सवलत मिळते, तिची रक्कम आणि वस्तूंची यादी बदलत असते म्हणून बुकिंगच्या दिवशीचे नियम वाचा. यादीत प्रत्येक उपकरणाचा मेक, मॉडेल, वर्ष लिहा. "घरगुती सामान, १२ खोकी" असे लिहिले की खोकी उघडली जातात.

तिकडची विजेची मोठी उपकरणे आणू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. मायक्रोवेव्ह तापतो, ड्रायर-वॉशरच्या मोटरी मंद फिरतात. चार्जरवर १००-२४० लिहिले असेल तर ते बिनधास्त आणा.

रानवाट
एक इशारा. परतलेल्या लोकांना मुळशी-मावळात "फार्महाऊस प्लॉट" दाखवणारे लगेच भेटतात. अनिवासी आणि ओसीआय यांना शेतजमीन विकत घेता येत नाही. निवासी झाल्यावरही महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. बिगरशेती आदेश आणि तुमच्या एकट्याच्या नावाचा सातबारा निघणार नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

मुळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवस मोजले. मागच्या पाच वर्षांत ६१ भरतात, म्हणजे जून बसतो आणि शाळाही. आता आधी भाड्याने राहू. कंटेनर ऐवजी थोडे सामान विमानाने. शेवटचा प्रश्न मूळ मुद्द्यालाच धरून : भाडेकरार ११ महिन्यांचा करावा की मोठा? आणि जागा कोथरूडला आईवडिलांजवळ की बावधनला?

वीटभट्टी
मोठा करा. "११ महिन्यांचा असेल तर नोंदणी नको" हे महाराष्ट्रात खरे नाही, भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार कितीही मुदतीचा करार नोंदवावाच लागतो. खर्चही किरकोळ : २४ महिने, भाडे ४०,०००, अनामत १,५०,००० धरा. भाडे ९,६०,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्के प्रमाणे ३०,०००. एकूण ९,९०,००० वर ०.२५ टक्के म्हणजे २,४७५ रुपये मुद्रांक, अधिक १,००० नोंदणी. ऑनलाइन नोंदणीला आधार लागते, ते हातात नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करता येते. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) दोघांनाही सारखा आणि सहा महिन्यांच्या पुढे नको, कारण मे महिन्यानंतर तुम्हाला हलावेसे वाटू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते, ती पावती मागून घ्या.

चांदणी
जागा बावधनला, पण चांदणी चौकाच्या जवळची, पाषाण-सूसच्या टोकाची नको. तिथून कोथरूड आणि नांदे-माणचा रस्ता दोन्ही हाताशी. आईवडिलांकडे रात्री अचानक जावे लागले तर चौक ओलांडून पौड रस्त्याला लागणारा उतार कुठला, हे पहिल्याच आठवड्यात दिवसा गाडी चालवून पक्के करा.

नळकोंडाळे
आणि करारात लिहून घ्या की टँकरचा जादा खर्च मासिक देखभालीत धरलेला आहे की वेगळा येणार. एप्रिलमध्ये मालक आणि भाडेकरूंचे वाद यावरूनच होतात.